अण्णासाहेबांनी एंटर दाबलं

लॅपटॉप उघडून बसणाऱ्या माणसाकडं दोन गोष्टी न मागता साठत जातात. एक, उरलेले स्क्रू. दुसरी, किस्से. स्क्रू मी गोळ्यांच्या रिकाम्या डबीत ठेवते. किश्श्यांना डबी नाही, म्हणून मैत्रिणी चहाला भेटल्या की ते सांडतात. "अगं, लिहून काढ ना, किती मजेशीर आहे!" असं त्या म्हणतात. त्यांच्यातल्या एकीनंही आमच्या कॉलेजात एक पूर्ण दिवस काढलेला नाही, म्हणून त्यांना हे मजेशीर वाटतं. हे घडत होतं तेव्हा मी राजीनाम्याचा मसुदा टाईप करत होते. तो अर्धाच राहिला, कारण त्या लॅपटॉपचा कीबोर्ड बंद पडला.

कॉलेज उस्मानपुऱ्यात आहे. नाव सांगत नाही, कारण अजून तिथंच आहे. मी 'सिस्टीम असिस्टंट', अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. इंजिनिअरिंग करून इथं आले ती हौसेनं. कन्नड, फुलंब्री, खुलताबादकडून एसटीनं येणाऱ्या पोरांना हात लावायला एक धड कॉम्प्युटर मिळावा, एवढंच माझं ध्येय. कॉलेजात त्यासाठी चाळीस लॅपटॉप होते, सगळे एकाच कंपनीचे, एकाच दिवशी आणलेले; त्यातलेच काही ऑफिसात आणि प्राध्यापकांकडं वापरात. त्यांच्यावरच्या जुन्या सिस्टीमचा सपोर्ट संपला आणि नवी टाकणं भाग पडलं.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एक परिच्छेद. लॅपटॉपच्या पोटात कॅमेरा, स्पीकर, वाय-फाय असे वेगवेगळे भाग असतात. मुख्य सिस्टीमला त्या प्रत्येक भागाशी बोलण्यासाठी एक छोटा प्रोग्राम लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. सिस्टीम बदलली की जुने ड्रायव्हर चालतीलच असं नाही. मग भाग ठणठणीत असतो, पण सिस्टीमच्या लेखी तो मेलेला असतो. गाडीच्या ड्रायव्हरवरून सुचलेला विनोद कृपया करू नका. आमच्या स्टाफपैकी प्रत्येकाचा तो करून झालाय.

म्हणून मी एक पानाची नोट लिहिली. 'आधी एकाच लॅपटॉपवर नवी सिस्टीम टाकू. आठवडाभर बघू. सगळं चाललं तर बाकीच्यांवर टाकू.'

संस्थेचे सचिव अण्णासाहेब यांनी ती नोट वाचली. म्हणजे चष्मा लावून तिच्याकडं बघितलं.

"एक? एकच? मॅडम, चाळीस असताना एकाचं काय उद्घाटन करायचं?"

* * *

उद्घाटन हा शब्द माझ्या नोटमध्ये नव्हता. तो अण्णासाहेबांच्या रक्तात आहे. त्यांनी वॉटर कूलरचं उद्घाटन केलंय. दुरुस्त झालेल्या वॉटर कूलरचं पुन्हा केलंय. सॉफ्टवेअरचं राहिलं होतं.

सोमवारी लॅबमध्ये मांडव घातल्यासारखी फुलं लावली. चाळीस लॅपटॉप मी आदल्या दिवशी रविवारची सुट्टी मोडून शेवटच्या स्क्रीनपर्यंत आणून ठेवले होते. फक्त एंटर दाबायचं बाकी. मधला सोडून प्रत्येकासमोर एक विद्यार्थी उभा. मधल्या लॅपटॉपला लाल रिबीन. आधी यंत्रपूजा ठरली होती. शिक्षणसंस्थेत यंत्राची पूजा! मी निषेध म्हणून व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. निषेधाची नोंद कुणी घेतली नाही. नारळ फुटल्यावर मला आत बोलावलं.

अण्णासाहेबांनी रिबीन कापली. "एक, दोन, तीन!" एक्केचाळीस बोटांनी एंटर दाबलं. एक्केचाळीस, कारण फोटोसाठी अण्णासाहेबांनी डाव्या हाताचं बोटही लावलं.

टाळ्या झाल्या. मग अण्णासाहेब भाषणाला उठले. त्यांना वाटलं होतं, भाषण संपताना नवी सिस्टीम झळकेल. ते शिक्षणावर बोलले, नाथसागराच्या पाण्यावर बोलले, स्वतःच्या म्हशींवर बोलले. मागं लॅपटॉपच्या स्क्रीनवर आकडा एकोणतीस टक्क्यांवर. भाषणात अण्णासाहेबांच्या पुढं टिकून राहिलेली ही संस्थेतली पहिली गोष्ट! शेवटी त्यांनी माईकवरूनच मला विचारलं, "मॅडम, जरा जोरात दाबायचं का?"

संध्याकाळी चाळीसही लॅपटॉप नव्या सिस्टीमवर आले. वाय-फाय एकाचंही चालत नव्हतं. आवाज चार जणांचा होता. कॅमेरा कुणाचाच नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. 'अत्याधुनिक.'

* * *

मंगळवारी सकाळी लॅबच्या दारात प्रज्ञा उभी. बीएस्सी केमिस्ट्री झालेली, गाव देवगाव रंगारी. मागच्या वर्षी पास झाली आणि घरी सांगून एक वर्ष मागून घेतलं. 'वर्षात नोकरी लागली नाय तर तुम्ही म्हणाल ते करीन.' ते वर्ष त्याच महिन्यात संपत होतं. आणि आता पुण्याकडच्या एका दूध प्रक्रिया कंपनीच्या लॅबमधून तिला ऑनलाइन इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं होतं. पुढच्या गुरुवारी, सकाळी अकराला.

अट अशी की इंटरव्ह्यू त्यांच्या सॉफ्टवेअरमधूनच द्यायचा. लॅपटॉप पाहिजे, मोबाईल चालणार नाही. खोलीत दुसरं कुणी नको. चेहरा दिसला पाहिजे, आवाज आला-गेला पाहिजे. एकदा हुकला की पुन्हा तारीख नाही.

तिच्याकडं लॅपटॉप नव्हता. माझ्याकडं होता, पण मी तत्त्व म्हणून त्यावर फुकटची, खुली सिस्टीम चालवते. त्या कंपनीचं सॉफ्टवेअर माझ्या तत्त्वावर चालत नव्हतं.

"मॅडम, सतरा नंबरचा लॅपटॉप मी कालपतूर वापरत व्हते. गुरवारपतूर व्हईल ना वो?"

"होईल," मी म्हणाले. नऊ दिवस होते. मी तरुण होते. म्हणजे, नऊ दिवसांनंतर होते त्यापेक्षा बरीच तरुण होते.

* * *

पहिलं काम वाय-फायचं. वाय-फायचा ड्रायव्हर इंटरनेटवर मिळतो. इंटरनेट वाय-फायवर मिळतं. एवढं लक्षात आलं की पुढचं कुणालाही सुचतं. बाहेरून पेनड्राइव्हमध्ये ड्रायव्हर आणायचा आणि टाकायचा.

कुणालाही सुचतं, मोरे बाबू सोडून. मोरे बाबू आमचे हेडक्लार्क. बत्तीस वर्षांची नोकरी आणि बत्तीस वर्षांची परिपत्रकं, दोन्ही तोंडपाठ.

"पेनड्राइव्हला बंदी हाय मॅडम. व्हायरस येतो. परवानगी लागंल."

"मग द्या परवानगी."

"फॉर्म भरा."

"द्या फॉर्म."

"आपल्या वेबसाइटवर हाय. डाउनलोड करा."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. ते माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर कसलीही अडचण नव्हती. हा माणूस मनातल्या मनात त्या वर्तुळात बत्तीस वर्षं सुखानं फिरतोय, हे मला तेव्हा कळलं.

हे सगळं शेख मामा दारातून ऐकत होते. शेख मामा म्हणजे आमचे शिपाई. त्यांनी खिशातून आपला मोबाईल काढला, चार्जिंगची वायर काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"बेटा, मेरे फोन का नेट वायर से लगता ना? लगा ले. परिपत्रक में वायर का कुछ लिखेला नै."

लागलं! मामांच्या फोनवरून मी एकेका लॅपटॉपचा ड्रायव्हर उतरवायला लागले. ही बातमी ऑफिसात पसरली आणि मग काय, प्राचार्यांपासून अकाउंटंटपर्यंत सगळे आपापला लॅपटॉप घेऊन मामांच्या स्टुलाशेजारी उभे. आठवडाभर एका अनुदानित, मानांकित, अत्याधुनिक कॉलेजचं इंटरनेट म्हणजे मामांचा फोन होता. मामा चहाला गेले की कॉलेज ऑफलाइन.

अण्णासाहेबांनी विचारलं, "नेट मधेमधे का जातं?"

मामा म्हणाले, "साहेब, शक्कर कम है उसमें. दो बार जाना पडता."

* * *

गायके सरांचा किस्सा छोटा आहे. सर भौतिकशास्त्राचे. पीएचडी प्रकाशाच्या परावर्तनावर.

अपग्रेडनंतर त्यांच्या लॅपटॉपचा स्क्रीन उलटा झाला. वरचं खाली, खालचं वर. ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचा घोळ, तीन मिनिटांचं काम. सर माझ्याकडं आले चौथ्या दिवशी.

"मग चार दिवस काय केलंत सर?"

"लॅपटॉप उलटा ठेवला."

"आणि टाईप?"

"हात खालून घातले."

मी तीन मिनिटांत स्क्रीन सरळ करून दिला. दुसऱ्या दिवशी सर पुन्हा दारात. चेहरा नाराज.

"मॅडम, ते पूर्ववत करता येईल का? आत्ताच कुठं हात बसला होता."

त्यांच्यामागं प्रज्ञा उभी होती. रोज सव्वादहाला एसटीतून उतरून ती यायची आणि एकच प्रश्न विचारायची, "झालं का वो मॅडम?" त्या दिवशी तिनं सरांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि काही न विचारता परत गेली.

* * *

शुक्रवारी अण्णासाहेबांनी माझ्यावरचा विश्वास जाहीरपणे काढून घेतला. "मॅडमला जमंना. आपला रोहन येतोय." रोहन म्हणजे त्यांचा भाचा. काय करतो, हे कुणालाच नीट सांगता येत नाही, पण 'आयटीत' करतो.

रोहन काळा गॉगल लावून लॅबमध्ये आला आणि शेवटपर्यंत तो काढला नाही. मी त्याला सांगायला गेले, की अमुक भागासाठी अमुक ड्रायव्हर, कंपनीच्या साइटवरूनच घ्यायचा, क्रमानं टाकायचा. तो म्हणाला, "मॅडम, एवढं कोण करतं? एका क्लिकमधी सगळे ड्रायव्हर देणारं सॉफ्टवेअर हाय ना फुकट."

मी प्रज्ञाचा सतरा नंबर कपाटात घातला, कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये ठेवली. ऑफिसच्या लॅपटॉपांवर रोहनची एक क्लिक झाली. त्या क्लिकनं आम्हाला काय दिलं? ज्या लॅपटॉपांना बोटाचा ठसा घ्यायची सोयच नाही त्यांना ठशाचा ड्रायव्हर. तीन अँटिव्हायरस, जे एकमेकांना व्हायरस समजत होते. आणि मोरे बाबूंच्या लॅपटॉपला फ्रान्समध्ये वापरतात तो कीबोर्ड. म्हणजे बटणावर ए छापलेलं, पण दाबलं की क्यू उमटणार. झेडच्या जागी डब्ल्यू. एमच्या जागी स्वल्पविराम.

मोरे बाबू दोन बोटांनी टाईप करतात आणि नजर बटणांवरून हलवत नाहीत. स्क्रीनकडं बघायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. तीन दिवस त्यांनी त्याच कीबोर्डवर संस्थेची इंग्रजी पत्रं टाईप केली. प्रिंट काढली. अण्णासाहेबांनी सह्या केल्या. जावक क्रमांक पडले. पत्रं वेगवेगळ्या कार्यालयांत गेली.

मंगळवारी एक प्रत माझ्या हातात आली. एक ओळसुद्धा वाचता येईना. मी तशीच पळत ऑफिसात गेले आणि ती बाबूंसमोर धरली. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला, पत्र वाचल्यासारखं केलं.

"बाबू, अशी किती गेली?"

"अकरा."

"कुणी काही विचारलं?"

"कशाला विचारतील?" ते म्हणाले. "दोन मंजूर होऊन आली की."

* * *

आता कॅमेरा. हा किस्सा सांगायचा नाही असं मी ठरवलं होतं, कारण आत्तापर्यंत मी दुसऱ्यांना हसत होते.

चाळीसच्या चाळीस लॅपटॉपांचे कॅमेरे अपग्रेडच्या दिवसापासून बंद. उघडले की काळोख. कडेनं कुठं तरी तांबूस झाक. आता विचार करा. चाळीस वेगवेगळे कॅमेरे एकाच दिवशी तुटतील का? शक्य नाही. म्हणजे हार्डवेअर नाही. सगळ्यांवर एकच नवी सिस्टीम, म्हणजे दोष ड्रायव्हरचा. हे तर्कशास्त्र आहे. मी त्यावर तीन पानांचा रिपोर्ट लिहिला. जुना ड्रायव्हर टाकून बघितला, नवा टाकून बघितला, परदेशातल्या एका फोरमवर प्रश्न टाकला. तिथल्या दोघांनी मला सहानुभूती दाखवली. एकानं लिहिलं, असं त्यानं कधीच बघितलेलं नाही. मला त्याचा अभिमान वाटला.

बुधवारी दुपारी, म्हणजे इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी, मी सतरा नंबर समोर घेऊन बसले होते. सहाव्यांदा ड्रायव्हर काढून टाकत होते. वाय-फाय झालं होतं, आवाज झाला होता, माईक झाला होता. एवढा कॅमेरा राहिला होता. प्रज्ञा शेजारी बसून बघत होती.

"मॅडम," ती जरा दबकत म्हणाली, "एक इचारू का? रागावू नका."

"विचार."

"ह्ये कुंकू पुसलं तर चालंल का?"

स्क्रीनच्या वरच्या काळ्या पट्टीवर, बरोबर मधोमध, कॅमेऱ्याच्या डोळ्यावर, कुंकवाचं बोट होतं. यंत्रपूजेला मोरे बाबूंनी चाळीस लॅपटॉप उघडून प्रत्येकाच्या कपाळावर टिळा लावला होता. लॅपटॉपचं कपाळ म्हटलं की दुसरी जागा कुठली असणार! काळ्या पट्टीवर वाळून ते काळपट झालं होतं. आणि पूजेचं कुंकू कुणी पुसत नाही, म्हणून दहा दिवस चाळीस जणांचे टिळे शाबूत होते. मी तर लॅपटॉपवरचं कुंकू दिसलं की तोंड फिरवत होते. तत्त्व!

प्रज्ञानं ओढणीच्या टोकाला जरासं पाणी लावलं आणि पुसलं. स्क्रीनवर आम्ही दोघी आलो. एक हसत होती.

तीन पानांचा रिपोर्ट मी फाडला. परदेशातल्या त्या माणसाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. तो काय म्हणेल याची मला कल्पना करवत नाही.

* * *

गुरुवार. साडेनऊलाच प्रज्ञा हजर. पांढरा कडक इस्त्रीचा ड्रेस, हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सगळी सर्टिफिकेटं. सतरा नंबर चालू केला. कॅमेरा आहे. माईक आहे. आवाज आहे. नेट आहे. मी तिला म्हणाले, "जा, निवांत चहा पिऊन ये."

ती चहा पिऊन आली तेव्हा स्क्रीनवर लिहिलं होतं, 'अपडेट चालू आहे. लॅपटॉप बंद करू नका.'

मी काहीही दाबलं नव्हतं! त्याचं त्यानं सुरू केलं होतं. दहा वाजून वीस मिनिटांनी लॅपटॉप पुन्हा उठला. कॅमेरा आहे. माईक आहे. नेट आहे. आवाज नाही. नव्या अपडेटनं मी बसवलेला ड्रायव्हर काढून फेकला होता आणि त्याच्या जागी स्वतःचा घातला होता, जो मुका होता. हेडफोन लावला, तोही मुका. जुना पुन्हा बसवला, तर म्हणतो 'तुमच्याकडं आधीच याहून चांगला आहे.'

बाकीच्या एकोणचाळीस लॅपटॉपांत एकाला नेट होतं तर माईक नव्हता, माईक होता तर नेट नव्हतं. यूएसबीचा वेगळा हेडफोन लावला असता तर दोन मिनिटांत काम झालं असतं. तो मी मागच्याच आठवड्यात लेखी मागितला होता. मोरे बाबूंनी तीन दुकानांची कोटेशनं मागवली होती. दोन आली होती. विकत आणावा तर आपल्या शहरात अकराच्या आधी दुकानाचं शटर उघडत नाही. इंटरव्ह्यू अकराला.

प्रज्ञा फोल्डर दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी होती. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

पावणेअकराला मला सुचलं. लॅपटॉपचा आवाज गेलाय, पण प्रोजेक्टरच्या वायरमधून जाणारा आवाज वेगळा असतो. त्याचा ड्रायव्हर वेगळा. तो शाबूत असेल! आणि प्रोजेक्टर सभागृहात आहे. सभागृह रिकामं आहे. म्हणजे खोलीत दुसरं कुणी नको, ही अटही पूर्ण.

आम्ही पळालो. मामांनी सभागृह उघडलं, अँप्लिफायर चालू केला. वायर जोडली. लॅपटॉपवर टिचकी मारली तर सभागृहाच्या स्पीकरमधून खणखणीत 'टिंग'. अकराला दोन मिनिटं कमी. प्रज्ञाला खुर्चीवर बसवलं, सर्टिफिकेटं तिच्या मांडीवर ठेवली आणि मी दार ओढून बाहेर आले.

बरोबर अकरा वाजता एका बाईंचा आवाज आला. "गुड मॉर्निंग प्रज्ञा. आमचा आवाज येतोय?"

आणि पटांगणातून सव्वादोनशे पोरं ओरडली, "येतोय मॅडम!"

सभागृहाचा अँप्लिफायर चालू झाला की कॉलेजभरचे भोंगे त्याच्यासोबत चालू होतात. अण्णासाहेबांचं भाषण कँटीनपासून सायकल स्टँडपर्यंत, थेट गेटपर्यंत ऐकू जावं म्हणून त्यांनीच तशी जोडणी करून घेतलेली. प्रज्ञाचा आवाज तिच्या माईकमधून फक्त पुण्याला जात होता. प्रश्न मात्र सगळ्या उस्मानपुऱ्याला.

बाहेरच्या भोंग्यांचं बटण ऑफिसातल्या पेटीत. पेटीला कुलूप. किल्ली मोरे बाबूंकडं. मी धावत गेले तर बाबू व्हरांड्याच्या कठड्याला रेलून, कानामागं हात धरून उभे.

"बाबू, किल्ली द्या! लवकर!"

"थांबा वो मॅडम," त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "प्रश्न ऐकू द्या."

"तुमच्याबद्दल सांगा," भोंगा म्हणाला. आणि मग शांतता. पटांगणात एकही पोरगं हललं नाही. कँटीनवाल्यानं कढईखालचा गॅस बंद केला होता, तळणीचा आवाज येऊ नये म्हणून. गायके सर वर्ग सोडून खिडकीत. अण्णासाहेब ऑफिसच्या पायरीवर. सगळ्यांना फक्त प्रश्न ऐकू येत होता. आत ती काय सांगतेय, सांगतेय की नुसती बसलीय, काही कळायला मार्ग नव्हता.

"छान," भोंगा म्हणाला. पटांगणानं श्वास सोडला.

"दुधात पाणी घातलंय हे कशानं ओळखाल?" शांतता. "बरोबर. आणि युरिया घातला असेल तर?"

शांतता लांबली. फारच लांबली.

"अण्णासाहेब कुठं गेले?" मी सहज विचारलं.

"दुधाचं नाव ऐकलं अन् पळत गेले की हॉलकडं," मोरे बाबू म्हणाले. "पोरीला मदत करतो म्हणाले. घरी बावीस म्हशी हायेत त्यांच्या."

खोलीत दुसरं कुणी नको!

"एक मिनिट," भोंग्यातल्या बाईंचा आवाज बदलला. "प्रज्ञा, तुमच्या मागून कोण बोलतंय?"

पटांगणात कुणाच्या तरी हातातली बाटली पडली. बाकी काही नाही.

"सचिव? कुणाचे?"

शांतता.

"अच्छा. आणि तुम्हाला त्यांचं उत्तर पटतंय का?"

शांतता. मामा माझ्याशेजारी येऊन उभे राहिले होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती.

"बरं. मग तुमचं सांगा."

या वेळची शांतता किती होती, मला सांगता येणार नाही. मी घड्याळाकडं बघितलं नाही. मोरे बाबूंनी किल्ली माझ्या हातात कधी दिली तेही कळलं नाही. ती माझ्या मुठीत होती आणि मी हलत नव्हते.

"करेक्ट," भोंगा म्हणाला. "अगदी करेक्ट. आता त्या सरांना सांगा, नखावर थेंब ठेवून पाणी कळतं, युरिया कळत नाही. आणि त्यांना म्हणावं, बाहेर जाऊन बसा."

मी आमच्या कॉलेजात असा आवाज कधी ऐकला नव्हता. गॅदरिंगला नाही, कुठल्या उद्घाटनाला तर नाहीच. पोरं बाकांवर चढली. कँटीनवाला झारा वाजवत होता. सभागृहाचं दार उघडलं आणि अण्णासाहेब बाहेर आले. सगळ्यांना हात दाखवला. त्यांना वाटलं, टाळ्या त्यांच्यासाठी आहेत.

"शू!" मोरे बाबू ओरडले. "अजून संपलं नाय!"

"एक तारखेपासून येऊ शकाल?" भोंग्यानं विचारलं.

शांतता. फार छोटी.

"गुड. तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?"

शांतता. मग भोंग्यातून त्या बाईंच्या हसण्याचा आवाज आला, गेटपर्यंत.

"हो, लॅपटॉप कंपनीच देते."

पुन्हा शांतता.

"हो, हो. आवाज येतो त्याचा."